आई बघूनच पिल्लू

"घरात एकटं किती वेळ राहील?" दीपमालानं वहीतला सहावा प्रश्न विचारला.

"एक मिनिट न्हाई," वडवणीचे कापडवाले अमरनाथशेठ म्हणाले. "मी दुकानात, ही शाळेत, पण हिची आई घरीच असती."

शेजारी अकरा वर्षांची शिवकन्या. तिच्या मांडीवर अस्सल लॅब्राडोरचं पिल्लू झोपलं होतं. पोरीचा निकाल केव्हाच लागला होता. परीक्षा बापाची चालली होती, आणि बाप पैकीच्या पैकी घेत होता.

दीपमाला चौसाळ्यात जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला. चौकशीशिवाय पिल्लू देत नसे.

"ताई, माझा नंबर कुठून मिळाला? पिल्लू द्यायचंय म्हणून मेसेज थेट मलाच."

"होता माझ्याकडं. दोन वर्षांमागं एकदा लावलाबी होता. तुमी 'राँग नंबर' म्हणून ठेवलात."

"दुकानात गिऱ्हाईक असलं की असंच होतं बघा," शेठ हसले.

"सातवा. याआधी कुत्रं होतं?"

"होती की. बर्फी. हीच जात." शेठनी आवाज खाली आणला. "अंगभर खरूज झाली. बीडला डॉक्टरकडं नेलती, वाटेतच गेली. माझ्या मांडीवर जीव सोडला."

"मग?"

"आमच्यात पुरतात. तिलाबी माणसासारखी माती दिली, शेतातल्या लिंबाखाली. ही पोरगी अजून दर सोमवारी तिथं बेलाचं पान वाहती."

"पाऊस असला तरी," शिवकन्या म्हणाली.

मागच्या दारावर नखं घासल्याचा आवाज आला.

"पिल्लाची आई," दीपमाला म्हणाली. "मघापासून चाललंय तिचं."

"तापट हाय का?"

"न्हाई. माणूस ओळखती." तिनं कागद पुढं सरकवला. "आता बोलला ते लिहून द्या. बर्फीचंबी. आन् आजारी पडलं तरी टाकणार न्हाई, हे खाली."

शेठ सहजासहजी सही देणाऱ्यातले नव्हते. पण पोरगी बघत होती. त्यांनी झोकात लिहिलं, झोकात सही ठोकली. शिवकन्येनं कागद मोठ्यानं वाचला. 'शेवटच्या श्वासापर्यंत सांभाळली' हे तिनं दोनदा वाचलं. तिनं बापाच्या हातावर हात ठेवला.

"झालं. न्या पिल्लू," दीपमाला म्हणाली.

शेठनी बोट वर केलं. "अं हं! आईला बघितल्याशिवाय अस्सल पिल्लू घ्यायचं न्हाई. मोबाईलवर सगळं बघून आलोय मी. जबाबदारीचं काम हाय हे."

"मी वाटच बघत होते, शेठ कधी विचारतात."

तिनं पेनाला टोपण लावलं. खणातून एक विटका लाल पट्टा काढला आणि सही केलेल्या कागदावर उलटा ठेवला. पट्ट्याच्या आतल्या बाजूला, लहान पोरीच्या वाकड्यातिकड्या अक्षरात, शेठचा मोबाईल नंबर होता.

शेठ अर्धवट उठले. "राहू द्या, ताई. उशीर होतोय. पुन्हा कधी—"

"बसा की. जबाबदारीचं काम हाय."

दीपमालानं कडी काढली.

मागच्या पायानं लंगडत एक पांढुरकी कुत्री आत आली. शेठकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. सरळ शिवकन्येकडं गेली, पिल्लाला ओलांडून तिच्या पोटात डोकं खुपसलं आणि अंगभर थरथरत कुईकुई करू लागली.

शिवकन्येनं पट्ट्यावरचं अक्षर बघितलं. मग कागदावरची सही. मग बाप.

"पप्पा," ती म्हणाली, "मग लिंबाखाली कोण हाय?"