एकोणचाळिसावी लाइन

तिसऱ्या मजल्यावर सोपाननं फायबरच्या वायरीच्या टोकात लाल टॉर्च लावला आणि खिशातला फोन एकदा वाजून बंद झाला. म्हणजे तळघरात दाजींना दुसऱ्या टोकाला उजेड दिसला. त्यांची ही जुनी पद्धत. दिसला की मिस्ड कॉल, नाही दिसला की गप्प. ऑफिसचे सगळे कॉम्प्युटर आता तळघरातल्या एका बंद खोलीत जाणार होते, टेबलांवर नुसते स्क्रीन राहणार होते.

अडतिसाव्या लाइनीनंतर दाजींनी खराच फोन केला. "मेहुण्या, भिंतीला एक भोक पाडतो. बाहेर आग विझवायच्या गॅसची किल्ली बंदवर फिरवलीस ना? नाहीतर ड्रिलच्या धुळीलाच धूर समजून गॅस सुटायचा, आणि मी आत गुदमरायचो."

"फिरवली हो! ताईपेक्षा तुमचीच कटकट जास्त."

दाजी हसले.

एकोणचाळिसाव्या लाइनीत टॉर्च लावून सोपान थांबला. फोन वाजला नाही. जोड खराब असणार म्हणून त्यानं टोक कापलं, पुसलं, नवा कनेक्टर बसवला. तरी फोन गप्पच. "कसली भंगार वायर आणलीय," म्हणत त्यानं पुन्हा कापलं. पंधरा मिनिटं गेली. तिसऱ्यांदा कापायला कटर काढावा म्हणून त्यानं खिशात हात घातला.

हाताला किल्ली लागली. सकाळी वॉचमनकडून घेतलेली, लाल दोरा बांधलेली. ती खाली दाराशेजारच्या कुलपात असायला हवी होती. पण ती फिरवायच्या आधीच लिफ्ट आली होती, आणि तो तसाच वर आला होता.