बांध आणि भरपगारी रजा

“कोणी खरं मानणार नाही, पण तो बांध मी एकट्याने धरला,” एरंडोलच्या ओट्यावर सुकदेव नाना म्हणाले. चौघे जण जवळ सरकले. दाराशी त्यांची बायको धुरपदाबाई बाजरी पाखडत होती.

नाना तेव्हा धुळ्याकडे एका तलावाच्या कचेरीत कारकून होते. बड्या इंजिनियरची जागा दोन वर्षं रिकामी. धुळ्याच्या उन्हात यायला कोणी तयार होईना. शेवटी वरच्यांनी अट सैल केली. येणाऱ्या साहेबाच्या खाती पहिल्याच दिवशी महिनाभराची भरपगारी रजा. हवी तेव्हा घ्यावी, कोणी कारण विचारू नये. बाकीच्यांनी अकरा दिवस राबावं, तेव्हा कुठे एक दिवस साठायचा. त्या अटीवर इंदूरहून अभयकुमार साहेब आले. “हा नोकरीला नाही, सुटीला आलाय,” कचेरी म्हणाली.

भाद्रपदात पाऊस चार दिवस थांबला नाही. मातीच्या बांधाच्या पायथ्याशी पाणी पाझरू लागलं. नितळ होतं तोवर भीती नव्हती. पाचव्या दिवशी सकाळी नानांनी ओंजळीत घेतलं, तर गढूळ. बांध आतल्या आत वाहून चालला होता. खाली दोनशे घरांचं गाव. त्यातच नानांचं बिऱ्हाड.

“दातावर दात आपटायला लागले, ते बंद होईनात. पायाखाली माती अशी हलायची, जशी आत घूस पळतेय.” सांगता सांगता नाना ओट्याच्या कडेपासून मागे सरकले. ओट्यावर कोणी विडी पेटवली नाही.

“आणि साहेब?” चौघांतल्या लीलाधर मास्तरांनी हळूच विचारलं.

“साहेब? पांढराफटक! तिथंच छत्रीखाली रजेचा अर्ज खरडला, माझ्या हातात कोंबला, आणि जीपमध्ये बसून पसार. अडवणार कोण? अटच तशी! मग मी दवंडी पिटवली. बठ्ठं, अख्खं गाव टेकडीवर काढलं. आणि एकटा खाली उतरलो. वाळूची सहाशे पोती या पाठीवर वाहिली, मास्तर! डोक्यावर पाणी घुमतंय, आता फुटेल, मग फुटेल. दिवस कलला तेव्हा पाझर नितळ झाला.”

“सहाशे?”

“जास्तच असतील. मोजायला शुद्ध कोणाला होती?”

सुपाचा आवाज थांबला.

“बांधवर तं तो साहेबच व्हता, कंबरइतला चिखलमां. आम्ही बठ्ठास्नी देखं,” धुरपदाबाई म्हणाली. “मंग रजा न टाकता, डोकावर घोंगडी लिसन, मन्हासंगे टेकडीवर कोन बसेल व्हतं?”