पेपर बंद करायचं कारण

ॲपवर घरी येणारा पेपर बंद करायचं बटणच सापडेना. पेपरच्या ऑफिसात फोन केला, तर तिथली मुलगी दर वेळी नवी सवलत गळ्यात मारायची. चौथ्यांदा पुंडलिकनगरच्या केशवकाकांनी वैतागून थाप मारली, “अगं बाई, नळाला दहा दिवसांनी पाणी येतंय. उद्या घराला कुलूप लावून लेकीकडं पुण्याला चाललोय. पाऊस पडेपर्यंत येत नाही.”

ती एकदम मऊ झाली. “बरं केलंत काका. घर नंबर तेवढा सांगा, आत्ताच बंद करते.”

दोन दिवसांनी, भर दुपारी काका उन्हामुळं पडदे ओढून पडले होते. दाराच्या लॅचमध्ये काहीतरी खरखरलं.

 

“तोड बिनधास्त,” बाहेरून तोच मऊ आवाज आला. “काका पाऊस पडेपर्यंत येत नाहीत.”