दुसरं बारसं

"कंटेनर तोच आहे," कादंबरी म्हणाली. "बघ, दोन्ही वेळा ओळख क्रमांक सारखाच येतोय."

"मग माल कुठे जातो?" अविनाशने लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला.

द्रोणागिरीच्या एका गोदामासाठी त्याने प्रोग्राम लिहिला होता. कंटेनरमध्ये तांदूळ आहे अशी नोंद सकाळी करावी, आणि दुपारी तोच कंटेनर मागवला की आत काहीच नसावं. नोंद कोरी.

खांदा कॉलनीत, कादंबरीच्या घरी, दोघं जेवणाच्या टेबलाशी बसली होती. सोफ्यावर अविनाशची आई प्रमिलाबाई. दोघांच्या लग्नानंतर उलव्याच्या फ्लॅटच्या दारावर लावायची पाटी आज करायला द्यायची होती. लग्नात अविनाश ताटातल्या तांदळांवर अंगठीने बायकोचं जे नवं नाव लिहिणार, तेच पाटीवर येणार होतं. कादंबरीला नवं नाव नको होतं. आईला तू सांग, असं तिने अविनाशला बजावलं होतं. तो हो म्हणाला होता. सांगितलं मात्र नव्हतं.

"अविनाश-अन्विता," प्रमिलाबाई म्हणाल्या. "कसा वाटतं गो?"

कादंबरीने अविनाशकडे पाहिलं. अविनाशने स्क्रीनकडे.

"मी नोंद पुसलेलीच नाही," तो म्हणाला. "कंटेनरचं ऑब्जेक्ट बनवायचं काम 'न्यू' या फंक्शनचं. त्यात मी स्पष्ट लिहिलंय, या नंबरचा कंटेनर आधीच असेल तर तोच परत दे. पहिल्या कोऱ्या नोंदी घालायचं काम 'इनिट'चं. त्याला मी बोलावलेलंच नाही."

"तू क्लासला, म्हणजे कंटेनरच्या साच्याला, हाक मारलीस ना? ती हाक टाइपकडे जाते. टाइप म्हणजे क्लासचाही क्लास. तो आधी 'न्यू'ला उठवतो. आलेलं ऑब्जेक्ट त्याच क्लासचं आहे ना, एवढं बघतो आणि लगेच 'इनिट' चालवतो. ऑब्जेक्ट नवं की जुनं, ते विचारतच नाही. तुझ्या कंटेनरचं दरवेळी बारसं होतंय."

"मी न सांगता?"

"न सांगताच. नको असेल तर तसं लिहावं लागतं. तू गप्प बसलास की त्याची रीत चालू."

 अविनाशने 'इनिट'मध्ये सुरुवातीलाच ओळ घातली: आधीच भरलेलं असेल तर आल्या पावली मागे फिर. कंटेनर पुन्हा मागवला. तांदूळ जागेवर होता.

"एका ओळीचं काम," तो हसून म्हणाला.

कादंबरी हसली नाही.

"तुमचा खेळ झाला असंल तर इकडं बघा जरा," प्रमिलाबाई म्हणाल्या. "पाटीवाला खोलंबलाय. सांगू ना अन्विता?"

अविनाशने लॅपटॉप मिटला. "आई, कादंबरीच राहू दे."

"पाटीवर?"

"पाटीवर. आणि ताटातपण."

प्रमिलाबाईंनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि त्या खो खो हसल्या. "अजून लगीन नाय झाला, नि हा बायकोचा वकील! अरे, नाव बदलल्यानं कोन मरतं काय? माहेरी मी हौसा होते. तुज्या बापानं ताटात प्रमिला लिवलं, मी प्रमिला झाले. सगल्यांनी हौसा टाकलं, मी पन टाकलं. आता कोनी हौसा म्हनून हाक मारली तर मान पन वलायची नाय माजी."

अविनाशला हे नाव माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत घरात ते कुणी उच्चारलेलं त्याने ऐकलं नव्हतं.

प्रमिलाबाईंनी पाटीवाल्याला फोन लावला आणि कानाशी धरून त्या गॅलरीकडे निघाल्या. त्यांची पाठ टेबलाकडे होती.

"हौसा," अविनाश हळूच म्हणाला.

प्रमिलाबाई गर्रकन वळल्या. मुलाकडे त्यांचं लक्षही नव्हतं. त्या घराच्या बंद दाराकडे बघत होत्या, बाहेर माहेरचं कुणी येऊन उभं असावं तशा.

फोनमधून पाटीवाला विचारत होता, "हां ताई, नाव बोला."