धुऱ्यावरचा आंबा

१९३६ साली ड्रॉइंगचे शालिकराम मास्तर कामरगावच्या शिवारात तैलचित्र काढायला बसले. दोन वावरांमधल्या धुऱ्यावरचा मोठा आंबा त्यांनी आधी काळपट हिरव्या रंगात उभा केला. तो रंग ओला असतानाच, सकाळचं ऊन पडलेल्या बाजूच्या पानांवर पिवळ्या रंगाचा हात फिरवला. ती बाजू जानरावच्या वावराकडची होती.

पलीकडच्या वावरातून जानरावचा सख्खा भाऊ चंपत आला आणि चित्र बघत उभा राहिला.

"मास्तर, त्याच्या अंगचा आंबा उजेडात अन् माह्या अंगचा अंधारात काहून?"

"ऊन तिकडून येऊन राह्यलं ना, चंपतराव."

"सांजच्याले माह्याकडून येते. बसा तवापर्यंत."

चंपतच्या हातात कुऱ्हाड होती. मास्तर बसले. संध्याकाळीही रंग ओलाच होता, त्यामुळे चंपतच्या बाजूलाही तेवढंच ऊन पडलं.

पुढे अमरावतीच्या प्रदर्शनात परीक्षक साहेब त्या चित्रापुढे बराच वेळ थांबले.

"मास्तर, एका झाडावर एकाच वेळी दोन्हीकडून ऊन पडतं, असं गाव आहे तरी कुठं?"



"कामरगाव, साहेब. भावाभावांची वाटणी झाल्यापासून."