मोठ्या मामाचा अंगठा

"कोणाले सांगतलं तं कोणी खरं मानणार नाही," असं म्हणत वामनरावांनी उजवा पाय उचलून सईदच्या दुकानातल्या स्टुलावर ठेवला. "पण रानडुक्कर होतं. अन् मी त्याले लाथ मारली."

अंगठा वांग्याएवढा झाला होता. रंगही वांग्याचाच.

सईदने हात न लावता वाकून पाहिलं. बीबी गावच्या बाजारात त्याचं चपला-बुटांचं दुकान. दुखरे पाय तिथे रोजच येत, पण डुकराला मारून आलेला हा पहिलाच.

"डॉक्टर काय म्हणले, काका?"

उत्तर त्यांच्या बायकोने, गोजरबाईंनी दिलं. हळदीच्या सामानाची पिशवी मांडीवर घेऊन त्या दाराजवळच्या बाकावर बसल्या होत्या. "हाड शाबूत हाय म्हणे. मुरगळला. खालून काही तरी आधार द्या, वाकू देऊ नका. अन् ओझं उचलू नका."

"भाची काय ओझं असते?" वामनराव म्हणाले.

उद्या भाचीचं, प्रेरणाचं लग्न होतं. त्यांच्या घरात नवरीला मोठ्या मामाने उचलून मांडवात आणायची पद्धत. मोठा मामा म्हणजे वामनराव. धाकटा मामा दीपक रोज जोर मारणारा गडी. दादाचा पाय सुजल्याचं कळल्यापासून तो मांडवात बाह्या वर करून फिरत होता.

सईदने फळीवरून एक काळा बूट काढला. "हा घालून पाहा. तळ असा कडक की अंगठा वाकायचा विसरून जाईल."

वामनराव बूट घालून दारापर्यंत गेले, परत आले. चेहरा उजळला. "बकरीएवढं असंल," ते म्हणाले. "मी म्हणलं, ये बे. आलं."

"मांडवात बूट घालून जाता काय?" गोजरबाई म्हणाल्या.

बूट निघाला.

मग सईदने जाड मोजे काढले. आत पट्टा बांधायचा, वरून मोजा, कोणाला दिसणार नाही.

"अन् मांडवातला तो गालिचा?" गोजरबाई म्हणाल्या. "मोज्यावर पाय सरकला तं नवरी सरळ भटजीच्या मांडीवर."

मोजेही गेले. सईद हनुवटी खाजवत बसला. त्याने कडक चामड्याची बोटभर पट्टी कापली, कडा घासून गुळगुळीत केल्या आणि अंगठ्याखाली धरली. शेजारच्या मेडिकलमधून चिकटपट्टी आणली. अंगठा बाजूच्या बोटाला जोडून तो गुंडाळू लागला.

दुखत होतं. म्हणून वामनराव बोलत राहिले.

"वासराएवढं डुक्कर, सईद. सुळे हे एवढे."

"मघाशी बकरीएवढं होतं, काका."

"मघाशी दूर होतं."

सईदने मान खाली घातली. खांदे तेवढे हलले. "मग लाथ बसल्यावर?"

"उडालं. शेताच्या धुऱ्यावरून गेलं, बाभळीवरून गेलं, अन् सुलतानपूरच्या शिवारात जाऊन पडलं. तिथले लोक अजून वर पाहून राह्यले, आणखी काय पडते म्हणून."

गोजरबाई पिशवीतल्या हळकुंडांकडे पाहत होत्या. त्या डुकराबद्दल त्यांनी सकाळपासून एक शब्द विचारला नव्हता.

"झालं," सईद म्हणाला. "चाला."

वामनराव चालले. अनवाणी, ताठ. लंगडणं जवळजवळ गेलं होतं. ते गोजरबाईंसमोरून दोनदा गेले.

"आता खाली बसून उठा."

"काऊन?"

"नवरीले उचलायचं म्हणजे वाकावं लागते ना, काका."

वामनराव बसले. बसणं जमलं. उठताना अर्ध्यावर अंगठ्यावर भार आला आणि ते तिथेच अडकले. हात फळीला लागला. खोकी धडाधड खाली आली, लहान पोरांच्या चपला दुकानभर पसरल्या. अखेर ते उभे राहिले, पण ओठ पांढरे पडले होते.

"उठलो ना," ते म्हणाले.

सईद चपला गोळा करू लागला. वर न पाहता म्हणाला, "चालायले काही अडचण नाही, काका. पण कोणाले घेऊन खालून उठणं... ते दीपकभाऊंवर सोडा."

वामनराव स्टुलावर बसले. बोलण्यातून डुक्कर गेलं होतं.

"सकाळी पोरगी विचारत होती," ते म्हणाले. "मामा, तुम्हीच आणसान ना मले? मी हाव म्हणलं." मग चिकटपट्टीचं टोक उगाच दाबत पुटपुटले, "एवढं मोठं जनावर अंगावर आलं, तं माणूस काय करंल."

गोजरबाई उठल्या. पिशवी काखेत मारली, नवऱ्याच्या चपला त्याच्या पायापुढे सरकवल्या.

"पोरीले मी खुर्चीवर उभी करते," त्या म्हणाल्या. "खाली वाकायचं कामच नाही. उभ्यानं घ्या अन् चालू लागा. दीपकले मी सांगते काय सांगायचं ते."

वामनरावांनी मान वर केली.

"अन् घरी गेल्याबरोबर कोठीत उचलून पाहता पाहता पायावर पाडलेल्या तुरीच्या पोत्याची माही हिरवी साडी सोडा. डुकराले नेसवली ते नेसवली, उद्या मले नेसायची हाय."