घरून आणलेला वाडगा

वाडगा तिसऱ्यांदा परत आला. त्यातला माशाचा आंबट रस्सा, चोर्बा, एक घोटही कमी झालेला नव्हता.

"हाही नाही म्हणते." खानावळीचा मालक फानिका यानं तो ओट्यावर जवळजवळ आदळला, पण शेवटच्या क्षणी जपून टेकवला. वाडगा खानावळीचा नव्हता. जेवायला आलेल्या बाईंनी तो घरून आणला होता. निळ्या फुलांचा, कोरा करकरीत, सोबत चमचा, आणि दोन्ही नव्या टॉवेलात गुंडाळलेले.

"चाखून तरी बघितला का?" झांफिरानं विचारलं.

"चाखते कसली! खाली वाकते, वास घेते आणि सरकवते. नाकानं कांदे सोलणाऱ्या खूप बघितल्या, नाकानं जेवणारी आजच बघतोय. टेबल खिडकीजवळचंच पाहिजे म्हणून अर्धा तास उभी होती. आणि आपले वाडगे तर राणीसाहेबांना चालतच नाहीत!"

झांफिराला या स्वयंपाकघरात येऊन नऊ दिवस झाले होते. डॅन्यूब नदीच्या धक्क्यावरच्या पाचही खानावळींत तिनं काम मागितलं होतं. दुपारी तीनला तासभर घरी जाऊन बाळाला पाजून येईन, असं म्हटल्यावर चार जणांनी दार दाखवलं. एकटा फानिका हो म्हणाला. आता तीनला दहा मिनिटं कमी होती. तिचं शरीर घड्याळाआधीच जागं झालं होतं. झग्यावर दोन ओले डाग उमटले होते. सकाळपासून तिच्याही पोटात काही नव्हतं.

"पोरी, नीट ऐक," फानिका आवाज खाली आणून म्हणाला. "सगळी खानावळ बघतेय. जुना आचारी होता तोवर या दारातून माशाचा चोर्बा कधी परत आला नाही. आता चौथ्यांदा आला, तर उद्यापासून तीनलाच काय, दिवसभर बाळापाशीच बस."

पहिल्यांदा वाडगा परत आला तेव्हा झांफिरानं आंबट वाढवलं होतं. दुसऱ्यांदा हिरवा पाला ताजा खुडून घातला. तिसऱ्यांदा तर नवा कार्प मासा कापून पातेलंच नव्यानं चढवलं होतं. आणखी काय करायचं राहिलं होतं? तिनं हात पुसले आणि ती सरळ बाहेर गेली.

खिडकीपाशी एक ठेंगणी म्हातारी बसली होती. काळा रुमाल, कोटाची सगळी बटणं लावलेली, पिशवी मांडीवर घट्ट धरलेली.

"मावशी, चोर्बा मी केलाय. माझं काय चुकतंय ते मलाच सांगा. मीठ? आंबट?"

"ते मला नाही गं माहीत," म्हातारी म्हणाली. तिच्या आवाजात तोरा नव्हता, पण ती माघार घेणारीही दिसत नव्हती. "धूर पाहिजे. करपल्याचा नव्हे. पाण्यात विझलेला धूर असतो ना, तसा."

"घ्या!" फानिकानं कपाळावर हात मारला. "आता धूर वाढा यांना!"

पण झांफिरा जागीच थबकली होती. पाण्यात विझलेला धूर. तिला वडिलांची होडी आठवली, काठावरची चूल आठवली, आणि जेवायच्या आधीचा तो चर्रर्र आवाज.

"काका, जुना आचारी चोर्बा कुठे शिजवायचा?"

"अंगणात, कढईत. तो गेल्यावर मी गॅस घेतला. का?"

ती अंगणात धावली. मांस भाजायची शेगडी पेटलेली होती, तिच्यात नदीकाठच्या वाळुंजीची लाकडं जळत होती. तिनं चिमट्यानं एक रसरशीत कोलीत उचललं, राख झटकली आणि आत येऊन सरळ पातेल्यात बुडवलं.

चर्रर्र झालं. पांढरी वाफ छतापर्यंत गेली.

"अगं बाई, वेड लागलं का तुला!" फानिका ओरडला.

"कोळी लोक असंच करतात. चिखलाचा वास मरतो," ती म्हणाली. कोलीत काढून तिनं निळ्या फुलांचा वाडगा धुतला, पुसला, भरला आणि स्वतःच बाहेर नेला.

म्हातारी वाकली. तिनं वास घेतला. पुन्हा घेतला. डोळे मिटून ती इतका वेळ तशीच राहिली, की शेजारच्या टेबलावरचे लोकही बोलायचे थांबले.

मग तिनं वाडगा सरकवला.

फानिका पुढे झाला. "झांफिरा, ॲप्रन काढ..."

"थांबा हो जरा," म्हातारी म्हणाली. तिनं पिशवीतून बारीकशी पिवळी मेणबत्ती काढली, पावात खोचली, पेटवली. वाडगा दोन्ही हातांनी उचलून तिनं झांफिरापुढे धरला. "आज माझा नवरा जाऊन चाळीस दिवस झाले. माझ्या तुदोसेच्या नावानं घे. वाडगा, चमचा, टॉवेल, सगळं तुझं. लेकुरवाळी आहेस, पोटभर खा. म्हणजे त्याला पोचेल."

"तुदोसे?" फानिका पुटपुटला. "या टेबलावरचा तुदोसे?" त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

झांफिरानं वाडगा दोन्ही हातांनी घेतला. "देव त्यांना पदरात घेवो," ती म्हणाली आणि समोर बसून खाऊ लागली. पहिला चमचा, दुसरा. मग तिला राहवलं नाही.

"मावशी, तुम्ही तर चाखलासुद्धा नाहीत. हाच तो, हे कळलं कसं?"

"माझ्या हातचं सोडून दर शनिवारी इथे यायचा, म्हणून बत्तीस वर्षं मी रागानं या दारात पाऊल टाकलं नाही," म्हातारी म्हणाली. "पण घरी आला की त्याच्या मिशांना हाच वास असायचा."